पिस्तुलाचं मॅगझीन निवडताना: किती काडतुसांचं, किती भरवशाचं

जादा मॅगझीन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची डबी) मागायला आलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा "यात किती बसतात?" हाच असतो. प्रश्न रास्त आहे. मात्र "पिस्तूल अडकतं" अशी तक्रार घेऊन कुणी दुरुस्तीला आलं, की आम्ही पिस्तुलाआधी मॅगझीन हातात घेतो आणि पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. म्हणून आकडा ठरवण्याआधी हे पत्रक वाचावं, अशी आमची विनंती आहे.

मॅगझीनवर किती काम पडतं

गोळी सुटली की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि लगेच पुढे येते. पुढे येताना तिला मॅगझीनमधलं सर्वांत वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) न्यायचं असतं. हा सगळा फेरा सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळात उरकतो. तेवढ्यात तळाच्या स्प्रिंगने काडतुसांची अख्खी चळत वर उचलून पुढचं काडतूस फीड लिप्सखाली (मॅगझीनच्या तोंडाशी आत वळलेल्या कडांखाली) बरोबर कोनात आणून ठेवलेलं असावं लागतं. चळत उशिरा वर आली, तर स्लाइड काडतुसावरून निघून जाते किंवा त्याला मधेच अर्धवट धरते.

9 मिमी व्यासाच्या गोळीचं एक काडतूस साधारण 12 ग्रॅमचं असतं. 17 काडतुसांचं मॅगझीन भरलं की स्प्रिंगवर दोनशे ग्रॅमचा भार येतो, शिवाय आतल्या भिंतींचं घर्षण वेगळं. शेवटचं काडतूस उरतं तेव्हा तीच स्प्रिंग जवळजवळ पूर्ण मोकळी झालेली असते, तरीही त्या एका काडतुसाला आणि नंतर स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याला तिने पुरेसा जोर द्यायचा असतो. क्षमता वाढवायची म्हणजे या दोन टोकांमधलं अंतर वाढवायचं. ते जमतं, पण त्यासाठी स्प्रिंग, फॉलोअर (स्प्रिंगवर बसून काडतुसांना वर ढकलणारा तुकडा) आणि खोका (मॅगझीनचं बाहेरचं आवरण) तिन्ही एकमेकांना धरून आखावे लागतात.

जास्त क्षमता म्हणजे कमी भरवसा, असं नाही

एम1911 या पिस्तुलाचं मूळ मॅगझीन एकेरी रांगेचं, .45 इंची 7 काडतुसांचं. 1935 च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये शस्त्ररचनाकार दियूदोने सेव्ह यांच्या दुहेरी रांगेच्या मॅगझीनमुळे 9 मिमीची 13 काडतुसं मुठीत मावली. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये ग्लॉक 17 निवडलं, त्यात 17 बसतात. 2018 च्या सिग पी365 ने लहानशा पिस्तुलात 10 बसवून दाखवली. ही सगळी पिस्तुलं भरवशाची ठरली, कारण मॅगझीन आणि पिस्तूल एकत्रच आखलेलं होतं.

अडचण होते ती नंतर जोडलेल्या काडतुसांमुळे. 7 च्या लांबीच्या खोक्यात 8 बसवायची तर फॉलोअर आखूड करावा लागतो आणि स्प्रिंगला जागा कमी उरते. तळाला वाढीव बेसप्लेट (मॅगझीनचं तळाचं झाकण) लावून दोन काडतुसं वाढवली आणि स्प्रिंग जुनीच ठेवली, तर पहिली काडतुसं सुरळीत जातात आणि शेवटची दोन-तीन नाक खाली घालतात किंवा स्लाइड उघडी राहत नाही. वाढीव बेसप्लेट घ्यायचीच असेल, तर तिच्यासाठीच बनवलेली लांब स्प्रिंग सोबत घ्या. ती नसेल तर आम्ही नुसती बेसप्लेट बसवून देत नाही.

आतल्या पृष्ठभागाचाही मोठा वाटा असतो. इराकमध्ये अमेरिकी सैन्याच्या एम9 पिस्तुलांच्या काही मॅगझीनवर खरखरीत फॉस्फेटचा लेप होता. बारीक वाळू त्याला चिकटून चळत आतच अडू लागली. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझीन आल्यावर तक्रारी कमी झाल्या. पिस्तूल तेच होतं आणि क्षमताही 15 च होती.

कोणासाठी काय

नेमबाजीच्या सरावासाठी क्षमतेमागे धावू नका. 25 मीटर पिस्तूल प्रकारांत पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात, तिथे 5 चं मॅगझीन पुरतं. .22 इंची काडतुसं वापरणाऱ्यांनी एक काळजी जास्त घ्यावी: या काडतुसाला तळाशी कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. मॅगझीन जितकं लांब, तितकी अशी गफलत व्हायला वाव जास्त.

संरक्षणासाठी पिस्तूल ठेवणाऱ्यांना आमचा सल्ला स्पष्ट आहे: पिस्तुलाबरोबर उत्पादकाने दिलेल्या क्षमतेचंच, त्याच उत्पादकाचं मॅगझीन घ्या. दोन काडतुसं जास्त मिळावीत म्हणून अनोळखी बनावटीचं घेऊ नका. तुमच्याकडे कायद्याने क्षमतेवर मर्यादा असेल, तर त्या मर्यादेतच बनवलेलं मॅगझीन मागा. मोठ्या मॅगझीनमध्ये ठोकळा घालून काम भागवू नका.

घरी नेल्यावर

प्रत्येक मॅगझीनच्या तळावर रंगाने क्रमांक टाका. पिस्तूल अडकलं की क्रमांक आणि कितव्या काडतुसाला अडकलं ते लिहून ठेवा. नेहमी एकाच क्रमांकावर अडकत असेल तर दोष त्या मॅगझीनचा. सगळ्यांत अडकत असेल तर पिस्तूल किंवा काडतुसं तपासायची. निदानाचा याहून सोपा मार्ग आम्हाला माहीत नाही.

चाचणी प्रत्यक्ष वापरायच्या काडतुसांनीच करा. पोकळ टोकाची काडतुसं गोल टोकाच्या काडतुसांपेक्षा आकाराने वेगळी असतात, एकीवर चालणारं मॅगझीन दुसरीवर अडखळू शकतं. संरक्षणासाठीचं मॅगझीन पूर्ण भरून, शेवटच्या काडतुसापर्यंत, अनेक वेळा निर्दोष चालल्याशिवाय त्यावर विसंबू नका. नवं मॅगझीन पूर्ण भरल्यावर स्लाइड बंद असताना नीट लागत नसेल, तर वरचं काडतूस स्लाइडला खालून दाबतंय असं समजा. एक कमी भरा आणि बसवल्यावर खाली ओढून खात्री करा.

मॅगझीन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते, अशी समजूत फार पसरलेली आहे. चांगली स्प्रिंग नुसती दबून राहिल्याने फारशी झिजत नाही. ती झिजते वारंवार दबण्या-सुटण्याने आणि आखलेल्या मर्यादेपलीकडे दाबल्याने. म्हणून सरावाची मॅगझीन वेगळी ठेवा आणि त्यांच्या स्प्रिंग आधी बदला.

आतून कोरडं पुसा. तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते आणि ते काडतुसाच्या प्रायमरपर्यंतही (बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीपर्यंत) पोचू शकतं. बेसप्लेट काढताना डोळ्यांना चष्मा हवा आणि अंगठा स्प्रिंगवर, कारण ती जोरात उसळते. मॅगझीन जमिनीवर पडलं तर फीड लिप्स वाकल्या, फाकल्या किंवा तडकल्या नाहीत ना ते पाहा. फाकलेल्या फीड लिप्समधून एका वेळी दोन काडतुसं सुटतात. त्या घरी पकडीने वाकवू नका.

कोणत्याही तपासणीआधी नळी सुरक्षित दिशेला ठेवा, बोट ट्रिगरपासून दूर ठेवा, आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मॅगझीन काढलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं.

दुरुस्तीला येताना पिस्तूल रिकामं करून, सगळी मॅगझीन आणि क्रमांकांची नोंद घेऊन या. कोणती काडतुसं वापरता तेही सांगा, म्हणजे पिस्तूल उगाच उघडावं लागणार नाही.