सोसायटीची एनओसी नसेल तर फ्लॅट भाड्याने देता येत नाही?

इंदिरानगर असो वा पाथर्डी फाटा, नाशिकमध्ये हे वाक्य ऐकू येतंच: ‘कमिटीने एनओसी दिली नाही, म्हणून त्या जातीच्या, धर्माच्या किंवा परप्रांतीय कुटुंबाला घर देता आलं नाही.’ सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी सगळीकडून माणसं आणली. शहराची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 10.77 लाख होती, 2011 मध्ये 14.86 लाख. शेजार बदलणारच होता.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमावलीनुसार) फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. फक्त 8 दिवस आधी लेखी कळवायचं, सोबत कराराची प्रत. करार नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. बहुतेक जण इथेच चुकतात: तोंडी विचारतात, तोंडीच नकार ऐकतात. नॉन-ऑक्युपन्सी चार्जही (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते शुल्क) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

विक्रीतही सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अपील करता येतं.

एक अडचण मात्र खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा सभासदत्वावर बंधन घालणारा उपविधी मान्य केला होता. म्हणून आधी नोंदणीकृत उपविधी मागा. नोटीस बोर्डावरचा ठराव म्हणजे उपविधी नव्हे. आणि इमारत 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर सहकार कायद्याऐवजी तिचं घोषणापत्र (इमारतीची मालकी आणि नियम सांगणारा दस्त) वाचायचं.