उत्साहाच्या इंग्रजी शब्दजोड्या

काळाकुट्ट, पांढराशुभ्र, पिवळाधमक हे शब्द मराठी माणूस विचार न करता उच्चारतो. ‘पांढराकुट्ट’ मात्र कुणीच म्हणत नाही, आणि ते का चालत नाही याचा व्याकरणातला नियम दाखवता येत नाही. शब्दांच्या अशा ठरलेल्या सोबतीला भाषाविज्ञानात ‘कोलोकेशन’ म्हणतात. १९५०च्या दशकात ही संकल्पना पुढे आणणारे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ त्याआधी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.

पुण्यात नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना ही सोबत उत्साह व्यक्त करताना हमखास अडवते. ‘आय ॲम व्हेरी थ्रिल्ड’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही खटकते, कारण ‘हॅपी’ किंवा ‘कीन’ या भावना कमी-अधिक असू शकतात, म्हणून त्यांना ‘व्हेरी’ शोभते. ‘थ्रिल्ड’ आणि ‘डिलायटेड’ यांत टोकाचा आनंद आधीच भरलेला असल्याने त्यांच्याआधी ‘ॲब्सोल्यूटली’ येते. हा तर्क सगळीकडे टिकत नाही, हेही सांगायला हवे: ‘एक्सायटेड’ चांगलाच उत्कट असूनही ‘व्हेरी’शी त्याचे सहज जमते.

जोडी पक्की आहे की योगायोगाने जमली, हे गणिताने तपासता येते. समजा, १० कोटी शब्दांच्या संग्रहात एक शब्द १०,००० वेळा आणि दुसरा १,००० वेळा आला, तर ते निव्वळ योगायोगाने लागोपाठ येण्याची अपेक्षित संख्या ०.१ इतकीच भरते. प्रत्यक्षात ती जोडी ५० वेळा सापडली, तर ती अपेक्षेच्या ५०० पट ठरते. ब्रिटिश इंग्रजीचा ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ हा संग्रह साधारण एवढाच, म्हणजे १० कोटी शब्दांचा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात १९७८ सालच्या भारतीय इंग्रजी लेखनातून उभा राहिलेला सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह आपल्या इंग्रजीच्या अभ्यासासाठी फार मोलाचा आहे, पण ‘थ्रिल्ड’सारख्या विरळ शब्दाच्या जोड्या मोजायला तो अपुरा पडतो.

वाचकाच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांत ‘ब्राइड अँड ग्रूम’ हा रूढ क्रम उलट्या क्रमापेक्षा लवकर वाचला जातो, असे दिसले आहे. म्हणून उत्साहाचे शब्द सुटे पाठ न करता सोबत्यासह शिकावेत, असे मला ठामपणे वाटते. मुलाखतीआधीच्या ईमेलमध्ये पुष्कळदा ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिले जाते. इथला ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा असल्याने त्यापुढे नाम किंवा ‘मीटिंग’सारखे नामाचे काम करणारे रूप लागते, आणि ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ हे सबंध एका दमात पाठ केले की ते लिहिताना या नियमाची आठवण काढावी लागत नाही.