एसओपीत न लिहिलेलं

गोव्यातल्या वेर्णा किंवा फोंड्याकडच्या औषध कारखान्यांत गोळी दाबण्याआधी बऱ्याचदा पावडर भिजवून तिचे दाणे करून घेतात. मोठ्या मिक्सरमध्ये पावडर फिरत असते, वरून बाइंडरचं, म्हणजे पावडर बांधून धरणारं चिकट द्रावण पडत असतं, आणि खरा प्रश्न एवढाच असतो की थांबायचं कधी. कमी भिजलं तर गोळी ठिसूळ होते, जास्त भिजलं तर ढेकळं होतात आणि पुढे गोळी पोटात वेळेवर विरघळत नाही. एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धतीत, मिनिटं लिहिलेली असतात. मुरलेला ऑपरेटर मात्र मिक्सर थांबवतो, हातमोजा घातलेल्या मुठीत ओला माल दाबतो आणि तो मुटका बोटानं मोडून पाहतो. भुगा झाला तर अजून हवं, बोटाला चिकटला तर हात आखडता घ्यायला हवा होता. सरळ दोन तुकडे पडले की झालं.

नेमकं काय जाणवलं म्हणून थांबलास, असं त्याला विचारा. तो म्हणेल, ‘कळतं.’ हे टाळाटाळीचं उत्तर नाही. मायकेल पोलानी या रसायनशास्त्रातून तत्त्वज्ञानाकडे वळलेल्या विचारवंतानं 1966 साली हाच मुद्दा मांडला होता: माणसाला शब्दांत सांगता येतं त्याहून अधिक माहीत असतं. असं ज्ञान तो मुद्दाम लपवत नसतो, त्याला ते स्वतःलाच सुटं करून पाहता येत नाही.

त्यातला काही भाग यंत्राला शिकवता येतो. माल घट्ट होत गेला की मिक्सरच्या मोटारवर ताण येतो आणि ती जास्त वीज ओढते. तो आकडा पाहून थांबण्याची वेळ ठरवता येते, बरेच कारखाने तसं करतातही. पण कच्च्या मालाचा लॉट बदलला, आकडा नेहमीसारखा चढेना, की सगळे पुन्हा त्या मुठीकडे पाहतात.

ही मूठ निवृत्त झाली की काय होतं, याचं सर्वांत विलक्षण उदाहरण अमेरिकेच्या अण्वस्त्र कारखान्यातलं आहे. ‘फॉगबँक’ नावाचा एक गोपनीय पदार्थ टेनेसीतल्या ओक रिज इथं 1989 पर्यंत बनत असे. मग उत्पादन थांबलं, कारखाना मोडला. 2000 च्या सुमारास जुन्या अस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं, तेव्हा तोच पदार्थ पुन्हा हवा झाला. नोंदी थोड्याच होत्या, जाणकार बहुतेक निघून गेलेले. नवा कारखाना उभारला, पण माल जमेना. शेवटी लक्षात आलं ते असं: मूळ कच्च्या मालात एक अशुद्धी होती आणि पदार्थाचा गुण तिच्यावर अवलंबून होता. नव्या, अधिक चोख शुद्धीकरणात ती निघून जात होती. गंमत म्हणजे ही गोष्ट जुन्या कामगारांनाही ठाऊक नव्हती. त्यांना निरोपाच्या दिवशी बसवून हजार प्रश्न विचारले असते तरी ती बाहेर आली नसती. ज्ञान कोणा एकाच्या डोक्यात नव्हतंच, ते कामाच्या रीतीत होतं.

म्हणूनच शेवटच्या आठवड्यात घेतल्या जाणाऱ्या ‘एग्झिट इंटरव्ह्यू’वर माझा फारसा विश्वास नाही. तोवर माणूस मनानं घरी पोचलेला असतो आणि विचारणाऱ्याला काय विचारायचं तेच माहीत नसतं.

दुसरं एक ज्ञान असतं: कोणाला काय ठाऊक आहे याचं. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी 1985 मध्ये याला सामायिक स्मृतीची व्यवस्था म्हणून मांडलं. पुढे त्यांनी प्रेमात असलेल्या जोड्या आणि अनोळखी माणसांच्या जोड्या घेऊन स्मरणाचा प्रयोग केला. मोकळं सोडलं तेव्हा खऱ्या जोड्यांना जास्त आठवलं. पण ‘हा विषय तू लक्षात ठेव, तो तू’ अशी वाटणी बाहेरून लादली, तेव्हा त्याच मागे पडल्या. त्यांची आपसातली न बोललेली वाटणी विस्कटली होती. खात्यांची फेररचना करून नवा तक्ता भिंतीवर लावणाऱ्या साहेबांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

गोव्याला हे नवं नाही. 1526 साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं गावकाऱ्यांच्या, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थांच्या, रूढी कागदावर उतरवल्या. कर, वारसा, मानमरातब, सगळं त्यात आलं. पण खाजनाचा, म्हणजे खाडीकाठी खारं पाणी अडवून केलेल्या शेतीचा, बांध फुटला तर ओहोटीच्या मोजक्या तासांत चिखल, पेंढा आणि जांभा वापरून तो कसा बुजवायचा, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीच्या दाबानं आपोआप मिटतं की नाही हे कसं पारखायचं, ही विद्या बांधावर राबणाऱ्यांकडेच राहिली. कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकारीकडून कूळ संघटनांकडे गेली. ती कागदानं देता आली, विद्या देता आली नाही. अनेक खाजनं खारी झाली त्याला मासळीचा हव्यास, बार्जच्या लाटा अशी इतरही कारणं आहेत, पण हे एक मोठं आहे.

मग हे जपायचं कसं? झेरॉक्स कंपनीचे दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ मॅन्युअलपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांवर जास्त शिकतात, हे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी त्यांच्याबरोबर हिंडून पाहिलं होतं. 1990 च्या दशकात कंपनीनं ‘युरेका’ नावाचं संकलन सुरू केलं. तंत्रज्ञांनी आपली युक्ती लिहायची, इतर तंत्रज्ञांनी ती तपासायची, मगच ती सगळ्यांना दिसायची. बक्षीस म्हणून पैसे नकोत, युक्तीखाली आमचं नाव असू द्या, असं तंत्रज्ञांचं म्हणणं पडलं.

आपल्या औषध कारखान्यांत त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आणायचीही गरज नाही. ठरल्याबाहेर काही घडलं की त्याची डेव्हिएशन नोंद करावीच लागते. काय घडलं, का घडलं, काय उपाय केला. तिथं ‘हे प्रथम कोणाच्या लक्षात आलं, आणि कशावरून’ एवढा एक रकाना वाढवला, तर ऑडिटरनं हरकत घ्यायचं कारण दिसत नाही.