कामाचा ताण कोणी मोजला, कोणाचा मोजला?

घरी आल्यावरही ऑफिसचे ईमेल पाहणाऱ्यांना ताण जास्त असतो, अशी बातमी वाचली की मला आधी एक प्रश्न पडतो. ईमेल किती पाहिले हे कोणी सांगितलं, आणि ताण किती आहे हे कोणी सांगितलं? बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं एकाच माणसाने, एकाच प्रश्नावलीत, एका बैठकीत दिलेली असतात. सकाळीच साहेबांशी खटका उडाला असेल, तर त्या दिवशी त्याला आपलं काम डोंगराएवढं वाटतं, घरातली कुरबूर नेहमीपेक्षा मोठी वाटते आणि झोपही अपुरी वाटते. मग कागदावर काम, कुरबूर आणि झोप यांचा घट्ट संबंध दिसतो, आणि त्यातला काही भाग निव्वळ त्या दिवशीच्या मनःस्थितीचा असतो. मानसशास्त्रज्ञ या दोषाबद्दल कित्येक दशकं सावध करत आले आहेत, तरी या विषयावरचे असे अभ्यास आजही ढिगाने निघतात.

दुसरा घोळ दिशेचा. ईमेलमुळे ताण येतो, की आधीच धास्तावलेला माणूस पुन्हा पुन्हा ईमेल उघडून पाहतो? एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली हे सांगू शकत नाही.

म्हणून प्रश्नावली टाकून द्यावी असं मुळीच नाही. ताण हा अनुभव आहे आणि तो ज्याला येतो त्यालाच विचारावा लागतो. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 साली तयार केलेली प्रश्नावली गेल्या महिनाभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या किती वेळा वाटल्या हे विचारते, आणि ती आजही जगभर वापरली जाते. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलं जाणारं संप्रेरक, मोजलं की शास्त्रशुद्ध झालं, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात हे संप्रेरक वाढून शिखर गाठतं. पहिला नमुना घरच्या घरी घेताना माणसाने थोडा उशीर केला, तरी आलेखाचा आकारच बदलतो. शिवाय ती वाढ साहेबांमुळे झाली की लेकराच्या तापामुळे, हे लाळ सांगत नाही.

माणसाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्याशीच केली, तर बराच गोंधळ कमी होतो. कॅनडातल्या कोस्टाडिन कुश्लेव आणि एलिझाबेथ डन यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 124 प्रौढांनी एक आठवडा दिवसातून तीनदाच ईमेल पाहिले आणि एक आठवडा हवे तितक्या वेळा. कमी वेळा पाहिल्याच्या आठवड्यात ताण कमी नोंदवला गेला. इथे मुळात चिंताळू कोण आणि निवांत कोण, हा प्रश्न गळून पडतो. मात्र आपला कोणता आठवडा चालू आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि या क्षेत्रातली ही अडचण जवळपास अटळ आहे. रात्री फोन बंद ठेवण्याची गोळी नसते, त्यामुळे औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी देतात तशी खोटी गोळीही देता येत नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती कोण सहभागी झालं यात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुमारे 4,800 कर्मचाऱ्यांना 2016 मध्ये यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, दोन गटांत वाटलं गेलं. एका गटाला आरोग्य कार्यक्रमाचं आमंत्रण मिळालं, दुसऱ्याला नाही. आमंत्रितांमध्ये कार्यक्रमाला प्रत्यक्ष आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना केली, तर आलेले लोक जास्त व्यायाम करणारे आणि औषधपाण्यावर कमी खर्च करणारे दिसले. नेहमीच्या पद्धतीचा अभ्यास इथेच थांबला असता आणि कार्यक्रम यशस्वी ठरला असता. पण आमंत्रित गटाची आमंत्रण न मिळालेल्या गटाशी तुलना केल्यावर पहिल्या वर्षात खर्च आणि व्यायाम या दोन्हींतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. जे आले ते आधीपासूनच निरोगी होते! ताण घालवण्याच्या कार्यशाळांचे कौतुक-अहवाल वाचताना मला हा अभ्यास हटकून आठवतो.

याची उलटी बाजूही आहे. ज्यांना कामाचा जाच सोसवला नाही ते नोकरी सोडून गेलेले असतात, आणि प्रश्नावली भरायला टिकून राहिलेलेच उरतात. त्यामुळे वाईट कामसुद्धा आकड्यांत बरं दिसू शकतं.

मोठ्या अभ्यासांपैकी मला 2012 सालचा युरोपातला अभ्यास सर्वांत भरवशाचा वाटतो. मिका किविमाकी आणि सहकाऱ्यांनी 13 अभ्यासांतल्या जवळजवळ दोन लाख लोकांची माहिती एकत्र केली. मागण्या भरपूर आणि अधिकार तुटपुंजे, अशा कामाची नोंद हृदयविकार नसताना घेतली होती. पुढे विकार कोणाला झाला, ते रुग्णालयाच्या आणि मृत्यूच्या नोंदींवरून पाहिलं. म्हणजे कारण एकीकडून आणि परिणाम दुसरीकडून मोजला गेला. अशा कामातल्या लोकांना धोका इतरांपेक्षा 23 टक्क्यांनी जास्त निघाला. पण आधी प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीत हा जास्तीचा धोका 43 टक्के होता आणि कधीच प्रसिद्ध न झालेल्या आकडेवारीत 16 टक्के. कपाटात पडून राहिलेली माहिती बाहेर काढली नसती, तर आपण मोठाच आकडा धरून बसलो असतो.

काम आणि घर यांच्यातल्या सीमेचा अभ्यास करताना आणखी एक पेच येतो. एकट्याने फोन बंद केला आणि बाकीची टीम रात्री जागीच राहिली, तर त्याला सकाळी दुप्पट काम भेटतं. म्हणून अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या आयटी विभागात फिलिस मोएन, एरिन केली आणि सहकाऱ्यांनी माणसांऐवजी 56 गटांची यादृच्छिक वाटणी केली. काही गटांना आपल्या वेळेवर जास्त ताबा आणि वरिष्ठांचा पाठिंबा मिळाला, बाकीचे पूर्वीसारखेच काम करत राहिले. थकवा आणि ताण कमी झाल्याचं कर्मचाऱ्यांनी सांगितलं. संशोधकांनी काहींच्या मनगटावर झोप मोजणारं यंत्रही बांधलं होतं. वर्षभराने त्या यंत्रात दिसलेला फरक होता रोज सुमारे 8 मिनिटं जास्त झोप. प्रश्नावल्यांतल्या भल्या मोठ्या सुधारणांपेक्षा माझा या 8 मिनिटांवर अधिक विश्वास आहे.