खाडीमुखाचा दांडा पार करणे

नदी किंवा खाडी समुद्राला मिळते तिथे तोंडाशी साचलेल्या वाळूच्या उथळ पट्ट्यावरून नाव सुखरूप बाहेर काढण्याचे वा आत आणण्याचे कसब. शालेय भूगोलात या पट्ट्याला ‘वाळूचा दांडा’ म्हणतात. गोव्यात ‘बार’ हाच शब्द रुळला असून मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा बार त्यामुळेच ओळखला जातो. पावसाळ्यात तो वाहतुकीला बंद असतो आणि मांडवीतील बार्जना (माल वाहणाऱ्या सपाट बोटींना) कुंभारजुव्याच्या कालव्याने मुरगावकडे वळावे लागते.

कोल्हापूर आणि दर्या. कोल्हापूर शहर घाटमाथ्यामागे पंचगंगेकाठी आहे आणि तिचे पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. तरीही हा विषय करवीरच्या इतिहासाला परका नाही. १७३१ च्या वारणेच्या तहाने दक्षिण कोकणचा मोठा भाग करवीर छत्रपतींच्या वाट्याला आला. मालवण व सिंधुदुर्ग किल्ला हे त्या राज्याचे आरमारी ठाणे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पण थोड्याच काळात तो करवीरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. म्हणजे ऐंशीएक वर्षे करवीर हे दर्यावर्दी राज्य होते. कोल्हापूरच्या इतिहासलेखनात पन्हाळा आणि विशाळगडाला जेवढी जागा मिळते तेवढी या किनाऱ्याला मिळत नाही, याचे प्रस्तुत संकलकाला वाईट वाटते.

करवीरच्या वाट्याला आलेला किनारा अवघड होता. उत्तरेला वाघोटनच्या मुखावरील विजयदुर्ग हे दांडा नसलेले बंदर, आणि जुन्या गॅझेटियरांनी ते कोणत्याही हवेत शिरता येण्याजोगे म्हणून नावाजले आहे. पण ते आंग्र्यांकडे व १७५६ नंतर पेशव्यांकडे होते. मालवणची वाट खडकांमधून जाते. तिथला धोका दांड्याचा नसून बुडालेल्या खडकांचा आहे. काही लिखाणात या दोहोंची सरमिसळ होते, ती टाळावी. खडक जागचा हलत नाही, त्याच्या खुणा बापाकडून मुलाकडे जातात. वाळूतली वाट मात्र एका पावसाळ्यात सरकते आणि गेल्या वर्षीची खूण या वर्षी नाव रुतवते.

दांडा का बनतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, गगनबावड्याच्या आसपास, पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेकडचे पाणी शेकडो किलोमीटर रेंगाळते, तर पश्चिमेकडच्या नद्या आखूड व तीव्र उताराच्या असल्याने गाळ घेऊन थोड्या तासांत समुद्रात उतरतात. मुखाशी वेग मंदावला की गाळ बसतो. किनाऱ्याला तिरक्या येणाऱ्या लाटा वाळू किनाऱ्यालगत ढकलत असतात, तीही त्यात मिसळते.

कर्ली नदीच्या मुखाशी देवबागच्या लांबट वाळूच्या जिभेजवळ जे बेट आहे, त्याच्या जन्माबद्दल मतभेद आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ते वर आले असे स्थानिक लोक सांगतात आणि पर्यटकांत ते ‘त्सुनामी आयलंड’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. दुसरे मत असे, की नदीमुखाशी वाळूचे उंचवटे उघडे पडणे व बुडणे हे नेहमीचेच असून त्सुनामी फार तर निमित्त ठरली असावी. ओहोटीला विस्तारणारा आणि भरतीला आक्रसणारा त्याचा आकार पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तथापि २००४ नंतर तिथली वाट बदलली हा नाव चालवणाऱ्यांचा अनुभव नुसती आख्यायिका म्हणून बाजूला सारू नये.

धोक्याचे स्वरूप. खोल पाण्यातली लांब लाट नावेला वर उचलून खाली ठेवते, एवढेच. उथळात तिचा वेग कमी होतो, मागची लाट पुढचीला गाठते, उंची वाढते. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे पाऊणपट झाली की ती फुटते. ३ मीटर पाण्यात सव्वादोन मीटरच्या आसपासची लाट फुटणारच. दांड्याच्या अलीकडे-पलीकडे समुद्र शांत दिसत असताना मधल्या पट्ट्यात पांढरा फेस उठतो तो यामुळे.

याहून वाईट गोष्ट ओहोटीची. बाहेर धावणारे पाणी आत येणाऱ्या लाटेला सामोरे गेले की लाट आखूड आणि उभट होते. ४ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेचा खोल पाण्यातला वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर असतो. समोरचा प्रवाह त्याच्या चौथ्या हिश्श्याला, म्हणजे सुमारे ३ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), पोचला की ती लाट पुढे सरकूच शकत नाही. ती तिथेच साचते आणि कोसळते. ८ सेकंदांच्या लाटेला थोपवायला याच्या दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून ती आत शिरते, पण उभी होऊन. वारा नसतानाही दांडा खवळलेला दिसतो त्याचे कारण बहुधा हेच. पावसाळ्यात नदीच्या पुराची भर पडते आणि कधी कधी भरतीच्या वेळीही प्रवाह बाहेरच वाहतो.

वेळ. सगळ्या कसबाचे सार वेळेत आहे. भरतीचा शेवटचा टप्पा आणि त्यानंतर पाणी थबकते तो थोडा काळ सर्वांत सुरक्षित. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला पाणी बाराव्या हिश्श्याने उतरते, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या व चौथ्या तासाला तीन-तीन हिश्श्यांनी. या मधल्या दोन तासांत दांडा ओलांडू नये. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा: अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईला जुळतो. मालवणकडे भरती आधी येते, तेवढी वजावट करावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त मिळते पण ओहोटीही जोरात ओढते, आणि अष्टमीच्या भांगात, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीत, नेमके उलटे.

नाव चालवणे. अनुभवी तांडेल (नावेचा प्रमुख) मुखाशी आला की इंजिन मंद करून थांबतो. उभा राहतो. दहा-पंधरा मिनिटे बोलत नाही. मोठ्या लाटा गटाने येतात. तो एक गट जाऊ देतो, दुसरा जाऊ देतो, कुठे फेस उठत नाही तो खोल पट्टा नजरेत धरतो. तोवर खलाशी मोकळे सामान बांधतात, सर्वांच्या अंगावर लाइफजॅकेट चढते, नांगर हाताशी येतो. निघाल्यावर नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, लाटेच्या तोंडावर ठेवायची, लाट चढताना जोर द्यायचा आणि माथ्यावर तो कमी करायचा, नाहीतर नाव पलीकडे आदळते. एकदा फुटत्या लाटांत शिरल्यावर वळायचे नाही. आडव्या झालेल्या नावेला पुढची लाट उलटी करते.

आत येणे बाहेर जाण्याहून कठीण असते, कारण धोका पाठीमागून येतो. समुद्राकडून लाटांची फक्त पाठ दिसते आणि त्यांची उभटाई कळत नाही. ३ मीटर खोलीत लाटेचा वेग ताशी सुमारे १९ किलोमीटर, म्हणजे १० नॉटच्या थोडा वर असतो. नाव त्या वेगाने जाऊ शकत असेल तर पुढच्या लाटेच्या पाठीवर राहून तिच्याबरोबर आत यावे. तिचा माथा ओलांडू नये आणि मागच्या लाटेला गाठू देऊ नये. भरलेल्या साध्या होडीला हा वेग झेपत नाही, लाट तिला गाठते, मागचा भाग उचलते, सुकाणू पाण्याबाहेर निघून निकामी होते आणि नाव आडवी फिरते. अशा नावेने मागे दोर किंवा बादली ओढत ठेवण्याची रीत आहे, पण खरा उपाय बाहेर खोल पाण्यात भरतीची वाट पाहणे हाच.

नियमन. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ असून व्हीएचएफ या सागरी रेडिओचे १६ क्रमांकाचे चॅनल संकटासाठी व पहिल्या हाकेसाठी राखीव आहे.

पंचगंगेचा अनुभव. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर व शिरोळ भागात नावा चालवणारे अनेक हात तयार झाले. हे कसब वेगळे आहे. पुरात लाट फुटत नाही आणि थबकणारे पाणीही मिळत नाही. तिथे बुडालेल्या भिंती, विजेच्या तारा आणि ओढ्याच्या जुन्या पात्रातली खेच सांभाळावी लागते. नावेवरचा भार मात्र दोन्हीकडे सारखाच निर्णायक. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांची नाव उलटली. फोंडा घाट उतरून देवबागला जाणाऱ्या कोल्हापूरकरांपैकी बरेचजण पट्टीचे पोहणारे असतात, पण पंचगंगेच्या घाटावर शिकलेल्या पोहण्यात फुटणारी लाट कधी आलेली नसते. कर्लीच्या मुखाशी नावाडी ‘आता नाही, पाणी भरू दे’ म्हणाला, तर त्याच्याशी घासाघीस न करता काठावर बसावे.