केबिन फिल्टर, मोटारगाडीतील

केबिन फिल्टर : मोटारगाडीत प्रवासी बसतात त्या बंदिस्त भागात पंख्याने ओढून घेतलेली हवा ज्यातून जाते, ती धूळ, परागकण, काजळी आणि काही प्रकारांत दुर्गंधीयुक्त वायू अडवणारी, ठरावीक काळाने बदलावी लागणारी गाळणी. इंजिनाला लागणारी हवा गाळणारा एअर फिल्टर हा वेगळा भाग असून तो बोनेटखाली असतो. केबिन फिल्टरचा इंजिन, इंधन किंवा ब्रेक यांपैकी कशाशीच संबंध नसल्यामुळे मालकाला घरच्या घरी, बहुधा हत्याराशिवाय, बदलता येणाऱ्या मोजक्या भागांत त्याची गणना होते.

गॅरेजमध्ये त्याला ‘एसी फिल्टर’ म्हणतात. हे नाव रूढ असले तरी फसवे आहे, कारण वातानुकूलन बंद ठेवून नुसता पंखा किंवा हीटर चालवला तरी हवा याच गाळणीतून जाते. युरोपीय गाड्यांच्या पुस्तिकांत ‘पोलन फिल्टर’ म्हणजे पराग-गाळणी हे नाव आढळते. मराठी पारिभाषिक लेखनात ‘निस्यंदक’ हा शब्द वापरला जातो. त्याच्या मुळाशी झिरपण्याचा, पाझरण्याचा अर्थ असल्याने तो द्रवांना अधिक शोभतो. ‘गाळणी’ हा शब्दही मूळचा द्रवांचाच, आणि कोरड्या पदार्थांसाठी मराठीत ‘चाळणी’ आहे; परंतु पुढे स्पष्ट होईल त्याप्रमाणे केबिन फिल्टर चाळणीसारखे काम करीत नाही. म्हणून या नोंदीत ‘फिल्टर’ हाच प्रचलित शब्द ठेवला आहे.

इतिहास : पहिला केबिन फिल्टर कोणत्या गाडीत बसवला गेला याबाबत एकमत नाही. वेगवेगळे दावे वेगवेगळ्या गोष्टींना ‘फिल्टर’ म्हणतात, हे या मतभेदाचे मुख्य कारण दिसते. बंद छताच्या गाड्या १९२० च्या दशकात रूढ झाल्या, तरी त्यांतील सुरुवातीचे हीटर आतलीच हवा पुन्हा पुन्हा गरम करीत. बाहेरची हवा पद्धतशीरपणे आत घेण्याची सोय नव्हती आणि त्यामुळे ती गाळण्याचा प्रश्नही नव्हता. पहिला दावा अमेरिकेचा आहे. तेथील विस्कॉन्सिन राज्यात केनोशा येथे असलेल्या नॅश मोटर्सने १९३८ च्या मॉडेलांसाठी जी यंत्रणा दिली तीत बाहेरची हवा विंडशील्डच्या पुढील भागातून आत घेऊन, गाळून, गरम पाण्याच्या नळ्यांवरून पंख्याने केबिनमध्ये सोडली जाई. केबिनमधील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहत असल्याने दारे-खिडक्यांच्या फटींतून धूळ आत शिरत नसे. पुढच्याच वर्षी तापमान-नियंत्रकाची जोड मिळून ही यंत्रणा ‘वेदर आय’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या रचनेचे श्रेय सामान्यतः फिनलंडमध्ये जन्मलेले अभियंते निल्स एरिक वॉलबर्ग यांना दिले जाते. नॅश ही कंपनी १९३७ मध्येच केल्व्हिनेटर या शीतकपाटे बनवणाऱ्या कंपनीशी एकत्र आली होती, ही बाब येथे विसरता येत नाही.

पॅकार्ड या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने १९४० च्या मॉडेलांत दिलेली शीतन यंत्रणा मात्र डिकीच्या बाजूला, मागच्या आसनामागे होती आणि ती केबिनमधीलच हवा फिरवीत असे. त्यामुळे बाहेरची हवा गाळण्याच्या परंपरेत तिला स्थान देता येत नाही. १९५४ च्या नॅश अँबेसेडरमध्ये गरम करणे, थंड करणे आणि हवा खेळवणे ही कामे गाडीच्या पुढील भागात एका यंत्रणेत आणली गेली. आजच्या डॅशबोर्डमागील एकत्रित पेटीचा पूर्वज शोधायचा झाल्यास तो येथे सापडतो.

दुसरा दावा स्वीडनचा आहे. साब कंपनीच्या नवकल्पनांच्या याद्यांत १९७८ साली ‘९००’ या गाडीबरोबर आलेला केबिन फिल्टर हा जगातील पहिला म्हणून नोंदवलेला असतो. बर्च वृक्षाच्या परागकणांचा त्रास उत्तर युरोपात मोठा असल्याने तेथे अशा सोयीला मागणी असणे स्वाभाविक होते. तिसरा दावा जर्मनीचा असून तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्युत्‌भारित कृत्रिम तंतूंचे घडीदार फिल्टर मर्सिडीज-बेंझसारख्या महागड्या गाड्यांत येऊ लागले, त्या काळाशी जोडला जातो. हवा गाळण्याची कल्पना नॅशची, परागकणांपासून प्रवाशाचे रक्षण हा स्वतंत्र हेतू साबचा आणि आज दुकानात मिळणाऱ्या वस्तूचे घडीदार रूप जर्मन उद्योगाचे, अशी विभागणी केल्यास तिन्ही दाव्यांना आपापली जागा मिळते. ‘पहिला’ या शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांना ती अर्थातच पटत नाही. १९९० च्या दशकात हा भाग मध्यम किमतीच्या गाड्यांत उतरला. २०१५ मध्ये टेस्ला कंपनीने ‘मॉडेल एक्स’मध्ये रुग्णालयीन धर्तीचा, आकाराने कितीतरी मोठा फिल्टर दिला.

कार्यतत्त्व : फिल्टरचा कागदासारखा दिसणारा थर प्रत्यक्षात बहुधा पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टर यांच्या न विणलेल्या तंतूंचा असतो. तंतूंमधील फटी अडवल्या जाणाऱ्या बहुसंख्य कणांपेक्षा खूप मोठ्या असतात, आणि म्हणूनच चाळणीची उपमा येथे लागू पडत नाही. परागकण साधारणपणे १० ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे असतात. असे जड कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूवर आदळतात. मध्यम आकाराचे कण तंतूला चाटून जाताना चिकटतात. डिझेलच्या काजळीचे कण ०.१ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. ते हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भरकटत तंतूपर्यंत पोहोचतात. या दोन टोकांच्या मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण अडवणे सर्वांत कठीण असते, कारण आदळण्याइतके ते जड नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. ‘हेपा’ या अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या उच्च प्रतीच्या फिल्टरची ९९.९७ टक्के ही प्रसिद्ध कार्यक्षमता ०.३ मायक्रॉनच्याच कणांसाठी सांगितली जाते, ती याच कारणाने.

फिल्टर दाट केला तर हे मधले कणही अडतात, परंतु गाडीचा छोटा ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंखा त्यातून पुरेशी हवा ओढू शकत नाही. या पेचावर विद्युत्‌भाराचा उपाय निघाला. तंतूंवर कायमचा विद्युत्‌भार ठेवल्यास फटी मोठ्या राहूनही कण खेचले जातात. अशा कायम भारित पदार्थास ‘इलेक्ट्रेट’ म्हणतात. हा शब्द इंग्लिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८५ च्या सुमारास योजला आणि मेण व राळ यांच्या मिश्रणापासून प्रत्यक्ष इलेक्ट्रेट जपानमधील मोतोतारो एगुची यांनी १९२० च्या आगेमागे तयार केला, असे मानले जाते. गाळण्यासाठी त्याचा वापर मात्र वेगळ्या वाटेने आला. डेन्मार्कमधील हान्सेन यांनी १९३० च्या सुमारास लोकरीत राळेची पूड मिसळून भारित गाळणी बनवली होती, तर वितळलेले प्लास्टिक गरम हवेच्या झोताने ओढून अतिसूक्ष्म तंतू करण्याची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाली. आजच्या केबिन फिल्टरमध्ये या दोन्ही धाग्यांचा मिलाफ आहे.

हा भार दिसत नाही आणि फिल्टर जुना होताना तो दोन प्रकारे निकामी होतो : काजळीच्या तेलकट थराने तंतू झाकले जातात आणि पाणी, साबण किंवा अल्कोहोल लागल्यास भार उतरतो वा झाकोळतो. म्हणून फिल्टर धुऊन वाळवणे, किंवा पंपावर कॉम्प्रेसरची ‘हवा मारून’ घेणे, हे दिसायला स्वच्छ पण कामाला अधू असा फिल्टर परत बसवण्यासारखे आहे. हवेच्या जोरदार झोताने तंतूंचा थर फाटण्याचा किंवा घड्या विस्कटण्याचा धोका निराळाच. झटकून मोठी पाने आणि किडे काढण्याने फारसे बिघडत नाही, परंतु त्याला सफाई म्हणता येणार नाही. धुता येण्याजोग्या जाळीचे फिल्टरही बाजारात असतात. ते मुख्यतः जाड धूळ अडवतात.

काही फिल्टरमध्ये दोन थरांच्या मध्ये सक्रियित कोळशाचे, म्हणजे प्रक्रिया करून अतिसच्छिद्र केलेल्या कोळशाचे, कण असतात आणि त्यामुळे त्यांचा रंग करडा दिसतो. नारळाच्या करवंटीपासूनही बनणाऱ्या या कोळशाच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग ५०० ते १,५०० चौरस मीटर इतका असू शकतो. त्यावर ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा अधिशोषित होतात, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून राहतात, किंवा प्रक्रिया होऊन धरल्या जातात. कार्बन मोनॉक्साइड हा वायू मात्र सक्रियित कोळशाने अडत नाही. त्यामुळे बंद जागेत इंजिन चालू ठेवून गाडीत बसण्यातील धोका कोणत्याही केबिन फिल्टरने कमी होत नाही.

मापन व प्रती : केबिन फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा १११५५ हा तांत्रिक विनिर्देश आहे. कणांसाठी त्याचा पहिला भाग २००१ चा, तर वायूंसाठी दुसरा भाग २००९ चा आहे. त्यास समांतर असे डीआयएन ७१४६० हे जर्मन मानक आहे. वायूंच्या चाचणीत ब्युटेन, टोल्यूइन आणि सल्फर डायऑक्साइड वापरतात. करोनाच्या साथीनंतर ‘एन-९५’ या नावाने विकले जाऊ लागलेले फिल्टर या मानकांच्या चौकटीत बसत नाहीत. एन-९५ ही मूळ अमेरिकी प्रत तोंडावर लावायच्या श्वसन-मुखवट्यांची आहे.

स्थान : उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या भारतीय गाड्यांत फिल्टर बहुधा डावीकडच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही गाड्यांत तो मधल्या कन्सोलच्या कडेला, पायांजवळ असतो. काही युरोपीय गाड्यांत वायपरखालच्या जाळीजवळ, बोनेट उघडून. प्रचलित रचनेत आतली फिरती हवाही फिल्टरमधूनच जाते. फिल्टर केवळ बाहेरच्या हवेच्या तोंडाशी असेल तर आतली हवा फिरवताना तो उपयोगी पडत नाही. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत फिल्टरची खाच असते, पण कारखान्यातून फिल्टर दिलेला नसतो. अशा गाडीत पाच-सात वर्षांनी प्रथमच ते झाकण उघडणाऱ्याला कूलिंग कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, वाळक्या पानांची गादी सापडते.

घरी बदलणे : ग्लोव्ह बॉक्समागील रचनेत इंजिन व ब्लोअर बंद करून कप्पा रिकामा करतात. कप्पा सावकाश उघडावा म्हणून एका बाजूला दोरी किंवा दट्ट्या असतो, तो प्रथम सोडवायचा असतो. त्यानंतर रचनेनुसार कप्प्याच्या दोन्ही भिंती आत दाबून किंवा दोन्ही बाजूंचे अटकाव काढून कप्पा पूर्ण खाली झुकवतात. मागे लांबट झाकण दिसते. त्याच्या खिट्ट्या दाबल्या की ते निघते. जुनी गाडी थंडीत उघडताना या खिट्ट्या तुटतात, आणि नुसते झाकण दुकानात सहज मिळत नाही. फिल्टर ओढताना तो आडवाच ठेवावा, कारण तिरका होताच वरची पाने आणि माती खाली ब्लोअरमध्ये पडते आणि मग पंखा चालवल्यावर खडखडाट होतो. उंदरांचा वावर असलेल्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या गाडीत फिल्टर कुरतडलेला किंवा त्यावर घरटे केलेले आढळते. तेव्हा मुखपट्टी आणि हातमोजे घालूनच पुढे जाणे इष्ट.

नवा फिल्टर बसवताना होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणजे त्याच्या कडेवर छापलेल्या बाणाचा चुकीचा अर्थ लावणे. काही उत्पादक हवेच्या प्रवाहाची दिशा बाणाने दाखवतात, तर काही ‘वरची बाजू’ दाखवतात. ह्युंदाईच्या पुस्तिकांत बाण खाली ठेवण्याची सूचना आढळते, पण ती सर्व गाड्यांना लावता येत नाही. काढलेल्या फिल्टरचा मळका पृष्ठभाग कोणत्या बाजूला होता ते पाहून ठेवणे हा खात्रीचा मार्ग होय, अर्थात आधीच्या माणसाने तो बरोबर बसवला असेल तर. कोळशाच्या फिल्टरमध्ये थरांचा क्रम ठरलेला असल्याने उलट बसवल्यास कोळसा धुळीने लवकर झाकला जातो. कडांची पट्टी पेटीला सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. हवा सोपा मार्ग शोधते आणि अरुंद फटीतूनही न गाळलेली हवा निसटते. किंचित आखूड असा स्वस्त फिल्टर याच कारणाने महागात पडतो. झाकण बसवून ब्लोअर पूर्ण वेगाने चालवल्यावर शिट्टीसारखा आवाज आल्यास झाकण नीट लागलेले नसते.

बदलाचा काळ : पुस्तिकांतील शिफारशी गाडीनुसार साधारण १०,००० ते ३०,००० किमी किंवा एक ते दोन वर्षे अशा बदलतात आणि धुळीच्या प्रदेशासाठी त्या कमी केलेल्या असतात. महाराष्ट्रात किलोमीटरपेक्षा ऋतूचा हिशेब अधिक उपयोगी ठरतो. उन्हाळ्यात फिल्टर धुळीने भरतो आणि पावसाळ्यात तीच धूळ ओली होऊन बुरशीला आधार मिळतो. म्हणून पावसाळा संपल्यावरचा बदल सोयीचा. ब्लोअरचा आवाज मोठा पण झोत मंद, आणि पावसात विंडशील्डवरचे बाष्प लवकर न हटणे, ही फिल्टर तुंबल्याची लक्षणे होत. गाडीतील कुबट वास मात्र बहुतेक वेळा फिल्टरचा नसून ओल्या कूलिंग कॉइलवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. अशा वेळी फिल्टर बदलूनही वास जात नाही. प्रवास संपण्यापूर्वी काही मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालवल्यास कॉइल सुकते आणि वास कमी होतो.

काढलेल्या फिल्टरमध्ये प्लास्टिकचे तंतू, गोंद आणि क्वचित कोळसा एकत्र असल्याने त्याचा पुनर्वापर व्यवहारात होत नाही. तो न झटकता पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात टाकतात.