दूरच्या रॅकमधले फोन

ॲप लिहिणाऱ्याच्या टेबलावर फार तर तीन-चार फोन असतात. ते ॲप ज्यांच्या हातात पडणार त्यांच्याकडे किती प्रकारचे फोन असतात, याची एक मोजदाद ओपनसिग्नल या कंपनीने केली होती. तिचं स्वतःचं ॲप कोणकोणत्या अँड्रॉइड मॉडेल्सवर उतरवलं गेलं, एवढंच तिने मोजलं. २०१२ साली ३,९९७ मॉडेल्स निघाली, २०१५ साली २४,०९३. त्यानंतर घडीचे फोन आले, पडद्यांना खाचा आणि भोकं पडली, स्वस्त फोन आणखी स्वस्त झाले. टेबलावरच्या फोनांवर ॲप सुरळीत चाललं म्हणून ते सगळीकडे चालेल, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही.

क्लाउड डिव्हाइस लॅब निघाल्या त्या या अडचणीतून. कुठल्यातरी इमारतीत शेकडो खरेखुरे फोन केबलला जोडून ठेवलेले असतात. आपण ब्राउझरमधून हवा तो निवडायचा, त्यावर आपलं ॲप चढवायचं, चालवून पाहायचं आणि वापरलेल्या वेळाचे पैसे मोजायचे. गूगलने अशी लॅब २०१५ मध्ये जाहीर केली, तीच आजची फायरबेस टेस्ट लॅब. ॲमेझॉनची डिव्हाइस फार्मही त्याच वर्षीची. ब्राउझरस्टॅक आणि सॉस लॅब्स या कंपन्या आधी वेगवेगळे ब्राउझर भाड्याने देत, पुढे फोनही देऊ लागल्या.

पण अँड्रॉइड एकच असताना फोनाफोनांत फरक पडतो कुठे? ॲपच्या खाली बरेच थर असतात आणि जवळजवळ प्रत्येक थराला कोणी ना कोणी हात लावलेला असतो. बॅटरी जास्त टिकावी म्हणून काही कंपन्या पार्श्वभूमीला चाललेली ॲप्स परस्पर बंद करतात. मग औषधाची वेळ सांगणारं ॲप एका फोनवर वेळेवर वाजतं आणि दुसऱ्यावर मुकाट राहतं. कोड दोन्हीकडे तोच.

चित्रं काढणाऱ्या चिपचं, म्हणजे जीपीयूचं, ड्रायव्हर (ती चिप चालवणारं) सॉफ्टवेअर हा तर वेगळाच प्रांत आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी ग्राफिक्सफझ नावाची एक हुशार पद्धत काढली. चित्र रंगवणारा छोटा प्रोग्रॅम घ्यायचा आणि अर्थ न बदलता तो मुद्दाम वेडावाकडा करायचा: कुठे शून्य मिळवायचं, कुठे कधीच न चालणारी अट घुसवायची. दोन्ही प्रोग्रॅमनी चित्र तेच काढायला हवं. वेगळं निघालं, तर चूक ड्रायव्हरची. ही पद्धत वापरून त्यांनी नामांकित उत्पादकांच्या ड्रायव्हरांतल्या चुका बाहेर काढल्या. २०१८ मध्ये गूगलने हा उपक्रमच विकत घेतला.

अगदी अलीकडचं उदाहरण मेमरीच्या ‘पानां’चं. प्रोसेसर मेमरी सुटी सुटी हाताळत नाही, ठरावीक मापाच्या पानांत हाताळतो. अँड्रॉइडवर हे माप वर्षानुवर्षं ४ किलोबाइट होतं, इतकं की काहींनी ते कोडमध्ये कायमचं लिहून टाकलं. अँड्रॉइड १५ पासून १६ किलोबाइटच्या पानांचे फोनही चालू शकतात, आणि जुन्या मापाने बांधलेली सी किंवा सी प्लस प्लस या भाषांमधली लायब्ररी, म्हणजे ॲपने वापरलेला तयार कोड, तिथे लोड होतानाच अडकू शकते. अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी बनवलेल्या ॲप्सना १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ किलोबाइटची सोय ठेवणं गूगल प्लेने बंधनकारक केलं. असा फोन हाताशी नसेल, तर तो दुरून वापरता येणं ही चैन राहत नाही.

एम्युलेटर, म्हणजे संगणकावर फोनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, वापरून हे सगळं तिथेच का करत नाहीत, असा प्रश्न इथे येतो. करतात, आणि करावंच. बटण जागेवर आहे का, हिशेब बरोबर येतो का, हे तिथे झटपट कळतं. पण एम्युलेटरमध्ये कंपनीने बदललेलं अँड्रॉइड नसतं, तिचा ड्रायव्हर नसतो आणि तिची काटकसरी बॅटरीही नसते. ॲपलचा सिम्युलेटर तर फोनच्या प्रोसेसरची नक्कलही करत नाही. ॲप मॅकच्याच प्रोसेसरवर, मॅकच्याच मेमरीत चालतं. तिथला वेग पाहून जुन्या आयफोनवर काय होईल याचा अंदाज बांधू नये.

‘क्लाउड’ म्हटलं की काहीतरी अधांतरी असल्यासारखं वाटतं; प्रत्यक्षात ही लॅब म्हणजे केबल, हब आणि उष्णता यांच्याशी रोजची झटापट आहे. फेसबुकने ओरेगनमधल्या प्राइनव्हिल इथल्या आपल्या डेटा सेंटरात अशी लॅब उभारली आणि २०१६ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. एका रॅकमध्ये ३२ फोन, असे सुमारे ६० रॅक. आयफोनच्या रॅकमध्ये आठ मॅक मिनी, प्रत्येकाकडे चार फोन. इतके फोन जवळजवळ ठेवले की त्यांचं वाय-फाय एकमेकांत मिसळतं आणि मोजमापं बिघडतात. म्हणून प्रत्येक रॅक रेडिओलहरी बाहेर जाऊ न देणारी पेटी म्हणून बांधला, आणि त्याचं वाय-फाय आतच ठेवलं. बाहेरच्यांना भाड्याने द्यायची ही लॅब नव्हती, पण भाड्याच्या लॅबचे प्रश्नही हेच असतात. त्यात बॅटरीचा प्रश्न सगळ्यांत चिवट. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण चार्ज आणि उबदार ठेवली की आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू सुटतो आणि ती फुगते. त्यामुळे कोणता फोन फुगलाय, ते हात लावून पाहणारा माणूस अशा लॅबमध्ये लागतोच.

एक टेस्ट जवळून पाहू. डेव्हलपर ॲपची एपीके, म्हणजे फोनवर घालायची फाइल आणि टेस्टची फाइल वर चढवतो. लॅबचा संगणक यादीतला मोकळा फोन शोधतो आणि एडीबीवरून, म्हणजे अँड्रॉइड डीबग ब्रिज या जोडणीवरून, ॲप त्यात घालतो. मग एस्प्रेसो किंवा ॲपियमसारखं साधन बटणं ‘दाबत’ जातं. पडद्यावर बोट नसतंच. स्पर्शाची घटना सॉफ्टवेअरमधूनच पाठवली जाते. टेस्ट लिहिलेली नसेल, तर फायरबेसची रोबो टेस्ट स्वतःच पडद्यावरची बटणं आणि मेनू हुडकून दाबत फिरते. हे चालू असताना पडद्याचा व्हिडिओ, मेमरी आणि प्रोसेसरचा वापर आणि फोनची ओळीओळीने लिहिली जाणारी नोंदवही, म्हणजे लॉगकॅट, हे सगळं जमा होतं. ॲप कोसळलं, तर नेमक्या कोणत्या ओळीवर कोसळलं ते या नोंदवहीत सापडतं. काम झालं की ॲप काढलं जातं, फोन पुसून स्वच्छ होतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. तरीही अशा फोनवर स्वतःच्या खऱ्या खात्याने कधीही लॉग इन करू नये. टेस्टसाठी वेगळं खातं काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

स्वतः फोन हाताळायचा असेल, तर पडद्याचा व्हिडिओ आपल्याकडे येतो आणि माउसचे क्लिक तिकडे जातात. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. फोन ५,००० किलोमीटरवर असेल, तर नुसत्या जाण्यायेण्यात ५० मिलिसेकंद गेले, व्हिडिओ दाबून उलगडायचा वेळ वेगळा. फोनचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी किंवा त्याहूनही लवकर नवं चित्र दाखवतो. म्हणून सरकवताना ॲप अडखळतंय की जोडणी, हे ब्राउझरमधून नुसतं पाहून ठरवू नये. ते मोजमाप फोनवरच करून घ्यावं.

माझ्या मते खरी डोकेफोड फोन निवडण्यात आहे. समोर शेकडो फोनांची यादी असते, आणि पैसे मिनिटाला लागतात. समजा, अँड्रॉइडच्या चार आवृत्त्या, पडद्याची तीन मापं, रॅमचे तीन टप्पे आणि तीन भाषा तपासायच्या आहेत. सगळ्या जोडण्या घेतल्या तर ४ × ३ × ३ × ३, म्हणजे १०८. पण बग उघडा पडायला सहसा चारही गोष्टी एकदम जुळून याव्या लागत नाहीत. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेतले रिक कुन आणि सहकारी यांनी वेगवेगळ्या प्रणालींतले बिघाड तपासून २००४ मध्ये दाखवलं की बहुतेक बिघाड एका किंवा दोन घटकांमुळे होतात, आणि त्यांनी पाहिलेल्यांत एकालाही सहापेक्षा जास्त घटक लागले नव्हते. म्हणजे कुठल्याही दोन गोष्टींची प्रत्येक जोडी एकदा तरी येईल अशी यादी केली, तरी बराच मोठा भाग पदरात पडतो. वरच्या उदाहरणात त्यासाठी १०८ ऐवजी फक्त १२ टेस्ट पुरतात. यामागचं गणित संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या ऑर्थोगोनल ॲरेच्या, म्हणजे प्रत्येक जोडी सारख्याच वेळा येईल अशा तक्त्यांच्या, घराण्यातलं आहे. प्रयोगांच्या आखणीसाठी काढलेली ही कल्पना फोनच्या यादीपर्यंत येऊन पोचली, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मात्र कागदावरची ही यादी बाजारात जशीच्या तशी मिळत नाही. सर्वांत जुनी आवृत्ती, मोठी रॅम आणि लहान पडदा असा फोन कोणी बनवलेलाच नसतो. म्हणून यंत्राशी बांधलेल्या गोष्टी आधी ठरवायच्या आणि भाषा, अक्षराचं माप, रात्रीची थीम अशा हाताने बदलता येणाऱ्या गोष्टी त्यांवर वाटून टाकायच्या. भाषा तर कधीच वगळू नये. अरबी लावली की सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे फिरते, जर्मनमध्ये शब्द बटणाबाहेर पडतात आणि देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात. इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या चौकटीत ‘र्कै’ कापलं गेलेलं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

टेस्टचे निकाल हिरवे आणि लाल येतात, आणि लाल म्हणजे बग असं नवख्याला वाटतं. तसं नसतं. कधी वाय-फाय क्षणभर गेलं, कधी ॲनिमेशन लांबलं, कधी फोनवर अपडेटची खिडकी मध्येच उपटली. अशा लहरी टेस्टना फ्लेकी म्हणतात. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही लहरीपणा आढळतो. हिशेब करून पाहा: प्रत्येक टेस्ट शंभरात एकदाच विनाकारण फसते असं धरलं, आणि अशा शंभर टेस्ट चालवल्या, तर सगळ्या हिरव्या येण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे जेमतेम ३७ टक्के. कोडमध्ये काही चूक नसतानाही दर तीन वेळांपैकी जवळपास दोनदा कुठेतरी लाल दिसणार. मग माणसं लाल पाहूनही पुढे जायला शिकतात, आणि त्या सवयीत खरा बग निसटतो. नुसतं पुन्हा चालवून हिरवं करण्यापेक्षा अशा टेस्ट वेगळ्या काढून दुरुस्त करणं बरं.

याहून अवघड गोष्ट अशी की लॅबमधला फोन खरा असला, तरी तो जगत असलेलं आयुष्य खरं नसतं. तो नेहमी चार्ज असतो, चांगल्या वाय-फायवर असतो, नुकताच पुसलेला असतो आणि जागचा हलत नाही. याचा परिणाम अगदी ठोस आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ‘डोझ’ नावाची सोय आली. पडदा बंद, चार्जर काढलेला आणि फोन काही वेळ स्थिर असला की अँड्रॉइड ॲप्सचं नेटवर्क आणि पार्श्वभूमीची कामं रोखून धरतं. लॅबमधला फोन यूएसबीला कायम जोडलेला, त्यामुळे तो आपणहून डोझमध्ये जातच नाही. औषधाची आठवण करून देणारं ॲप तिथे रात्रभर बिनचूक वाजेल. उपाय आहे: एडीबीवरून आज्ञा देऊन केबल निघाली आहे असं फोनला खोटंच भासवायचं आणि डोझमध्ये ढकलायचं. पण हे मुद्दाम करावं लागतं, आणि बरेच जण करत नाहीत.

पुसलेल्या फोनचंही तसंच. खऱ्या माणसाकडे ॲपची जुनी आवृत्ती असते, तिच्यात दोन वर्षांचा डेटा असतो, फोनची जागा संपत आलेली असते. नवी आवृत्ती त्यावर चढते तेव्हा जुना डेटाबेस नव्या साच्यात बसवावा लागतो, आणि तिथे ॲप कोसळतं. कोऱ्या फोनवरची टेस्ट या वाटेला जातच नाही. आधी जुनी आवृत्ती घालून, तिच्यात डेटा भरून, मग नवी चढवणारी टेस्ट माझ्या लेखी दहा नव्या मॉडेल्सइतकी मोलाची आहे.

कॅमेऱ्यासमोर रॅकची भिंत असते, बोटाचा ठसा द्यायला बोट नसतं. म्हणून काही लॅब कॅमेऱ्याऐवजी आपण दिलेलं चित्र ॲपला पुरवतात आणि ठसा जुळल्याचं नाटक करतात. शिवाय यूएसबी डीबगिंग चालू दिसलं की काही बँकांची ॲप्स उघडायलाच नकार देतात, आणि लॅबच्या फोनवर ते चालूच असतं. तिथे टेस्टसाठी ती तपासणी वगळलेली वेगळी प्रत बांधावी लागते. उन्हात न दिसणारा पडदा, लिफ्टमध्ये तुटणारं नेटवर्क, खिशात तापून मंदावलेला प्रोसेसर, या गोष्टींसाठी फोन घेऊन बाहेर पडावं लागतं.

म्हणून लॅबमधून हिरवा निकाल आला तरी नवी आवृत्ती सगळ्यांना एकदम देत नाहीत. गूगल प्लेवर ती आधी मोजक्या टक्के लोकांपुरती सोडता येते. त्यांच्याकडे ॲप कोसळलं की अहवालात फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि कोडमधली ओळ येते. तेच मॉडेल लॅबच्या यादीत शोधायचं, जुनी आवृत्ती घालून, वर नवी चढवून त्याच पायऱ्या चालवायच्या आणि बग पुन्हा उभा राहतो का ते पाहायचं. राहिला, तर ती टेस्ट त्या मॉडेलसह पुढच्या प्रत्येक फेरीत ठेवायची, आणि तेवढ्यासाठी यादीतला एखादा दिमाखदार नवा फोन वगळावा लागला तर खुशाल वगळायचा.